हत्तिणीचा पंप

सासरे फाटकातून आत आले तेव्हा डॉक्टरीणबाई अंगणात गाडीसमोर उभी होती. गाडीकडे बघत होती असं म्हणता येणार नाही. नजर तिकडे होती, एवढंच. सासऱ्यांच्या एका हातात पत्र्याची अवजारांची पेटी होती, दुसऱ्या हातात कापडी पिशवी, आणि बसथांब्यापासूनचा चढ चढून त्यांना चांगलाच दम लागला होता.

"पेशंट हाच का?" त्यांनी विचारलं.

"हाच. बसा बाबा, पाणी आणते."

"पाणी नंतर. आधी तिचं तोंड उघड."

तिनं बॉनेट उघडलं.

तसे ते आता तिचे सासरे नव्हते. घटस्फोटाच्या कागदावर सह्या होऊन बरेच महिने लोटले होते, आणि नवरा गेला की त्याच्याबरोबरची सगळी नाती जातात हे कागदाला कळतं. जिभेला कळत नाही. ती त्यांना बाबाच म्हणत राहिली, कारण दुसरं काही सुचलं नाही. तेही तिला अधूनमधून फोन करत. घरात एक म्हातारा कुत्रा होता, त्याच्या कानाचं दुखणं कधी संपत नसे, आणि ही गुरांची डॉक्टर. औषध विचारायला फोन करायचा आणि औषधाचं बोलून ठेवून द्यायचा, असा दोघांचा शिरस्ता पडला होता. अशाच एका फोनवर ती बोलून गेली की गाडी खिंडीच्या चढावर खोकते आणि मरते, अर्धा तास सावलीत ठेवली की पुन्हा उठते. शहरातल्या गॅरेजवाल्यानं पंप गेलाय म्हणून सांगितलं, नवा पंपही दिला, पण त्याला हात लावायला पुढच्या महिन्याशिवाय सवड नव्हती. "येतो एकदा," सासरे म्हणाले होते. आणि आज ते आले होते.

गाडी म्हणजे जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह, उंच, करड्या रंगाची, दारं लावताना गोठ्याचं फाटक आपटल्यासारखा आवाज करणारी. डॉक्टरीणबाईचं काम असं की आजारी जनावरं नेमकी रस्ता संपतो त्याच्या पुढे राहतात. म्हणून नवऱ्यानं हौसेनं ही शोधून आणली होती आणि तिचं नाव हत्तीण ठेवलं होतं. जाताना तो म्हणाला, "गाडी तूच ठेव, तुला लागते." त्याच्या आधी काही आठवडे, जेवण झाल्यावर, टेबलाशी बसूनच त्यानं सांगितलं होतं की त्याचं दुसऱ्या एकीवर मन बसलंय. ती "बरं" म्हणाली होती आणि ताटल्या उचलून धुवायला नेल्या होत्या. भांडण नाही, आदळआपट नाही. मैत्रिणींना वाटलं, काय धीराची बाई आहे. धीर वगैरे काही नव्हता. तिला काही वाटलंच नव्हतं, आणि तेव्हापासून आजवर फारसं काही वाटलं नव्हतं. सकाळी उठायची, बूट चढवायची, लसी टोचायची, घरी यायची.

सासऱ्यांनी इंजिनावरून नजर फिरवली. उभं आयुष्य बस डेपोत गेलेलं, हेडफिटर म्हणून निवृत्त झालेले.

"कार्बोरेटर कुठाय?"

"यात नसतो, बाबा."

"बरं, पंप कुठाय?"

"टाकीच्या आत."

"आत?" त्यांनी कपाळाला हात लावला. "पेट्रोलमध्ये बुडवून विजेचा पंप ठेवायचा? कुणाच्या डोक्यातून निघालं हे?"

डेपोतल्या सगळ्या बसगाड्या डिझेलच्या, त्यांचे पंप इंजिनाला चिकटलेले, समोर दिसणारे. हे प्रकरण त्यांना नवं होतं. पण हार मानतील तर ते सासरे कसले. ते मागच्या चाकाशी कष्टानं उकिडवे बसले, कान टाकीजवळ नेला आणि म्हणाले, "फिरव किल्ली. स्टार्ट करू नको, नुसती फिरव."

तिनं फिरवली. काही नाही. चांगला पंप असता तर दोन क्षण बारीक गुणगुण यायला हवी होती. त्यांनी पेटीतला रबरी हातोडा काढून टाकीच्या बुडाला दोन ठोके दिले, आणि आतून कुरकुरत, रडत आवाज सुरू झाला.

"घोडं कुठं पेंड खातंय ते कळलं," सासरे म्हणाले. "हा पंप नाही, सरकारी कारकून आहे. टेबल बडवल्याशिवाय हलत नाही."

"गॅरेजवाला म्हणाला, टाकी तळापर्यंत रिकामी होऊ देत जाऊ नका."

"आता टाकी भरलेली आहे ना? मग आडात आहे पण पोहऱ्यात येत नाही, अशी तऱ्हा." त्यांनी पिशवीतून जुना निळा डगला काढला आणि अंगावर चढवला. डगल्याखाली इस्त्रीचा पांढरा शर्ट होता, पायांत पॉलिश केलेले काळे बूट. तिला ते दिसलं. दिसलं, आणि तसंच पुढे गेलं. हल्ली पुष्कळ गोष्टी तशाच पुढे जात.

मग काम सुरू झालं. पंपाची वीज जोडणारा रिले काढून इंजिन चालू केलं आणि ते आपोआप बंद पडू दिलं, म्हणजे नळीतला दाब उतरतो. बॅटरीची वायर सोडली. मोबाइल लांब, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले. तिनं लसींच्या खोलीतून रिकामे कॅन आणले आणि हातपंपानं पेट्रोल त्यांत उपसलं. टाकीखाली जॅक, जॅकवर जाड फळी. आता प्रश्न होता खाली कोण शिरणार. सासऱ्यांचे गुडघे कधीच संपावर गेले होते.

"मी सांगतो, तू कर," ते म्हणाले.

"उंटावरून शेळ्या हाकणार म्हणजे."

"हाकायला उंट तरी हवा की नाही?"

ती पोतं अंथरून पाठीवर सरकत खाली गेली. अडचणीच्या जागी, न बघता, नुसत्या बोटांनी काम करायची तिला सवय होती. वासरू आडवं आलं की खांद्यापर्यंत हात घालून पाय शोधावे लागतात, त्यापुढे हे काय. टाकीच्या वरच्या बाजूला हात नेऊन तिनं भरायच्या नळीची क्लिप सोडली, मग हवेची नळी, मग वायरींचा जोड. पट्ट्यांचे बोल्ट मात्र गंजून गच्च बसले होते. एक निघाला. दुसऱ्याला तेल पाजून वाट बघत बसावं लागलं.

तेल मुरेपर्यंत ती हात पुसत बाहेर आली, तोच कट्ट्यावर फोन वाजला. नणंदेचा होता. म्हणजे जी नणंद होती तिचा.

"बाबा आहेत का तिकडे?" ना नमस्कार, ना चमत्कार.

"आहेत."

"काय करतायत?"

"पेट्रोलचा पंप बदलतोय आम्ही."

पलीकडे कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं, बरीच माणसं एकाच वेळी बोलत होती.

"तुला माहीत नाही का आज काय आहे ते?"

"नाही."

"अगं, दादाचं लग्न आहे आज. नोंदणी ऑफिसात, मग हॉलवर जेवण. बाबा दाढी करून येतो म्हणून घरातून गेले. अवजारांची पेटी घेऊन दाढीला गेले, आणि आमच्या एकाच्याही लक्षात येऊ नये! लग्नघर ते. आता सह्यांना सगळे खोळंबलेत, आणि फोन म्हणून उचलत नाहीत."

"मी सांगते त्यांना."

"सांग. वहि..." नणंद अडखळली. पुढचं अक्षर गिळलं. "तू बरी आहेस ना?"

"हो. हाताला पेट्रोल लागलंय, ठेवते मी."

फोन ठेवून ती तिथंच उभी राहिली. आता दुखेल, असं तिला वाटलं. वाट पाहिली. शिंगं काढायच्या आधी ती जनावराला भूल देते. मग करवत चालते, रक्त येतं, जनावराला सगळं दिसतं, ऐकू येतं, आणि ते आपलं डोळे मोठे करून रवंथ करत उभं असतं. तसं काहीसं. तिला कळलं की आज लग्न आहे, कुणाचं आहे तेही कळलं, कट्ट्यावरचा एक मुंगळा खिडकीच्या फटीत शिरला तेही कळलं.

सासरे उपड्या बादलीवर बसून नव्या पंपाचं खोकं उघडत होते.

"बाबा, ताईंचा फोन होता."

"हं."

"आज लग्न आहे म्हणाल्या."

"आहे खरं." त्यांनी पंप उजेडाकडे धरून पाहिला. "केवढासा आहे बघ. हा चार माणसांची गाडी ओढणार."

"तुम्हाला जायला हवं."

"टाकी अर्धी लोंबतेय. ही अशीच सोडून जाऊ?"

"टाकीचं मी बघते."

"एकटीला पेलायची नाही."

"लोक म्हणतील, हिनं अडवून ठेवलं."

"म्हणोत. लोकांच्या तोंडाला कुणी हात लावलाय?" त्यांनी पंप फडक्यावर ठेवला. "तो तेरा नंबरचा पाना दे. तेल मुरलं असेल."

तिनं पाना दिला नाही. हातातच धरून ठेवला. "रागावलात का त्याच्यावर?"

"नाही गं. राग असता तर सोपं होतं. चार शब्द बोलून मोकळा झालो असतो. सकाळी आरशापुढे उभा होतो. सगळ्यांनी आधीच बजावलेलं, बाबा, आज जरा हसरा चेहरा ठेवा. मी म्हटलं, ठेवतो. आणि बघतो तर तोंडावर काहीच येईना. हसू नाही, रडू नाही. मुलगा खुशीत आहे, डोळ्यांनी दिसतंय. पोरगीही वाईट नाही. चहा दिला परवा, साखर किती ते विचारून. पण तिथं दिवसभर एक तोंड घेऊन बसायचं, आणि ते तोंड माझ्यापाशी नाही. इथं टाकीला तोंड लागत नाही."

तिनं हातातला पाना फडक्याला पुसला. मग म्हणाली, "मलाही काही वाटत नाही, बाबा. आत्ता ऐकलं, तरी नाही वाटलं."

"ठाऊक आहे मला."

"कसं?"

"कुत्र्याचं औषध सांगतेस त्यावरून. आधी मला रागवायचीस. कान साफ का केला नाही, थेंब का चुकवले, माणूस आहात की कोण. आता नुसते थेंब किती ते सांगतेस आणि ठेवतेस." त्यांनी हात पुढे केला. "आण तो पाना."

तिनं दिला. त्यांनी तिला तो परत दिला, कारण खाली तर तिलाच शिरायचं होतं. यावर कुणी हसलं नाही, पण हसण्याची जागा दोघांच्याही लक्षात आली.

दुसरा बोल्ट निघाला नाही, तुटला. सासऱ्यांनी एक ठेवणीतली शिवी हासडली, पेटीत धुंडाळून जवळपास तसाच एक शोधून ठेवला. जॅक हळूहळू खाली घेत दोघांनी टाकी जमिनीवर उतरवली. तिच्या माथ्यावर कित्येक पावसाळ्यांचा चिखल साचून वाळला होता. तो आत पडू नये म्हणून तिनं आधी ब्रशनं, मग ओल्या फडक्यानं सगळं पुसून काढलं. पितळी छिन्नीनं, ठिणगी नको म्हणून, झाकणाची मोठी रिंग ठोकून फिरवली. मग तिरका करत, पेट्रोलची पातळी मोजणारा तरंगता काटा वाकू न देता, जुना पंप बाहेर काढला. त्याच्या बुडाची जाळी काळ्या गाळानं भरली होती.

"हे पी पी म्हटल्यावर कोण पिईल?" सासरे म्हणाले.

नवा पंप जुन्या सांगाड्यात बसवायचं काम त्यांनी मागितलं. ते बसून करण्यासारखं होतं आणि त्यांची बोटं अजून पक्की होती. नवी जाळी, नवी नळी, वायरी जिथल्या तिथं. झाकणाची रबरी रिंगही नवी घातली. जुनी अजून चालेल असं त्यांचं म्हणणं, पण ती पेट्रोल पिऊन सैल झालेली तिनं त्यांना ओढून दाखवली. टाकी पुन्हा फळीवर, फळी जॅकवर. वर गेल्यावर तिथल्या नळ्या ते बाजूनं हात घालून जोडत होते, ती खालून पट्टे आवळत होती. थोडं पेट्रोल ओतलं, बॅटरी जोडली, रिले घातला.

"फिरव."

फिरवली. टाकीतून स्वच्छ, एका सुरात गुणगुण आली आणि थांबली. पुन्हा फिरवली, पुन्हा आली. सासऱ्यांनी मान डोलावली. तेवढ्यात तिला वास आला. टाकीच्या बाजूनं ओघळ उतरत होता आणि खाली थेंब थेंब गळत होता.

"बंद कर! बंद कर!"

तिनं किल्ली काढली, बॅटरी सोडली. सासऱ्यांनी डगल्याच्या खिशात हात घातला आणि तो तसाच राहिला. मग बाहेर आला तेव्हा तळव्यावर एक लहानशी क्लिप होती. उरलेलं पेट्रोल टाकीत परत आणणाऱ्या नळीची. लावायचीच राहिली होती.

चाळीसेक वर्षं पाने फिरवलेला माणूस. डेपोत एखाद्यानं असं केलं असतं तर त्याला निवृत्तीपर्यंत नावं ठेवली गेली असती. ते त्या क्लिपकडे बघत बादलीवर बसले. तोंडावर काही नव्हतं, ते म्हणाले होते तसंच. फक्त हनुवटी थोडी हलत होती.

"परत उतरवू," ती म्हणाली.

"मी लावली होती, असं वाटलं मला."

"हो. उतरवू परत. आता बोल्ट सैल आहेत, वेळ नाही लागणार."

पहिल्यापेक्षा खरंच कमी वेळ लागला. या खेपेला नळ्या तिनं लावल्या आणि त्यांनी प्रत्येक क्लिप ओढून पाहिली, दोनदा. इंजिन पहिल्या फटक्यात लागलं. ओघळ नाही, थेंब नाही. कॅनमधलं पेट्रोल टाकीत गेलं, अवजारं पेटीत गेली.

"चढावर बघायला हवी," सासरे म्हणाले. "सपाटीवर काय, बैलगाडीही पळते."

खिंड चढून पलीकडे उतरलं की शहर. दोघांनाही ते माहीत होतं. हत्तीण घाटाला लागली. नेहमी जिथं पहिला खोकला यायचा त्या वळणावर तिनं सवयीनं गिअर उतरवला, पण खोकला आला नाही. मधे एका मालवाहू ट्रकला तिनं ओलांडलं. हे या गाडीला बऱ्याच दिवसांत जमलं नव्हतं.

माथ्यावर पोचल्यावर सासरे म्हणाले, "आता इथवर आलोच आहोत तर जेवणाला तोंड दाखवून येतो. सह्या झाल्या असतील एव्हाना."

"सापडलं का तोंड?"

"नाही. पण हात काळे आहेत. लोक हाताकडे बघतील."

हॉलच्या बाजूच्या फाटकाशी तिनं गाडी उभी केली. इंजिन बंद केलं नाही. दारात नणंद होती, तिनं आधी बापाला पाहिलं, मग नाक मुरडलं. "बाबा, काय हा पेट्रोलचा वास!" आणि लगेच डोळ्यांना पदराऐवजी हातातला रुमाल लावला, आणि पेटी त्यांच्या हातातून घेतली. मागोमाग नवरा आला. कोटात होता. पूर्वी कोट घालायला किती कुरकुर करायचा.

तो गाडीच्या खिडकीशी आला. त्यानं आधी बॉनेटकडे पाहिलं.

"पंप गेला होता?"

"हो."

"जाळी पण बदललीस ना?"

"बदलली."

"बरं केलंस. मी म्हणतच होतो, गेल्या..." तो थांबला. "आवाज चांगला येतोय."

"हो, चांगला येतोय."

इतकी वर्षं एका घरात काढली होती आणि बोलायला एक जाळी पुरली. तिला त्याचं वाईट वाटलं नाही. आश्चर्यही नाही. त्याच्या कॉलरवर एक धागा होता, तो काढावा असं हाताला वाटलं, पण हात स्टिअरिंगवर राहिला.

तेवढ्यात नवी मुलगी बाहेर आली. टाचेचे बूट चावले असावेत, ते तिनं हातात घेतले होते. डॉक्टरीणबाईला पाहून क्षणभर ती गोंधळली, पण मागे फिरली नाही. "आत या ना," ती म्हणाली. "जेवून जा."

"नको, एक गाय अडलीय."

कुठलीही गाय अडली नव्हती. सासऱ्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं.

"जाऊ दे तिला," ते सगळ्यांना म्हणाले. "गाय थांबत नसते."

गाडी वळवताना तिला आरशात दिसलं की सासरे भिंतीलगतच्या नळाशी वाकून उभे आहेत. नवी सून अनवाणी उभी राहून त्यांच्या हातांवर साबण चोळतेय, आणि ते तिला काहीतरी सांगतायत. बहुधा आधी कोरड्या फडक्यानं पुसायला हवं होतं असं. डॉक्टरीणबाईचा पाय ब्रेकवर गेला. ती आरशात बघत राहिली, मागच्या ट्रकनं भोंगा वाजवला, आणि तिनं गाडी पुढे काढली.

घरी येऊन तिनं अंगणातला पेट्रोलचा डाग राख टाकून झाकला, हात धुतले, वास गेला नाही, पुन्हा धुतले. मग बूट न काढता पलंगावर पडली आणि दिवसाउजेडी गाढ झोपून गेली. कित्येक महिन्यांत अशी झोप लागली नव्हती. जाग आली ती फोननं. बाहेर उजेड कलला होता.

"गळतंय का बघितलंस?" सासऱ्यांनी विचारलं. मागे भांडी आवरल्याचा आवाज येत होता.

"नाही अजून."

"म्हणजे काय? झोपलीस? थंड झाल्यावरच गळतं, डेपोत असतीस तर मेमो दिला असता."

"बघते."

"बघते नाही, आत्ता बघ. मी धरून आहे."

फोन कट्ट्यावर ठेवून ती टॉर्च घेऊन गाडीखाली शिरली. पोतं अजून तिथंच होतं. टाकीच्या बुडावरून, बाजूंवरून, पट्ट्यांच्या मागून तिनं हात फिरवला, बोटं नाकाशी नेली. मग बाहेर येऊन फोन घेतला.

"कोरडं आहे."

"सगळीकडून बघितलं?"

"सगळीकडून. कुत्र्याचा कान साफ केलात का आज?"

"नाही," ते म्हणाले. "आज कुठला होतोय."

"मग आता करा, बाबा. उगीच जीव जातो त्या मुक्या जनावराचा, आणि तुम्हाला सवडच नाही."

"करतो," सासरे म्हणाले. "करतो गं. ओरडू नको."